शनिवारी कुणी न विझवलेला स्टोव्ह

मित्रांनो, स्वतःबद्दल सांगायला बसलो की मला आधी एक पत्र आठवतं. अकरा महिने त्याला उत्तर गेलं नव्हतं. मी एक जुना, वातीचा स्टोव्ह आहे. मला वाचता येत नाही. पण माझे मालक एलिजा रोहेकर ते पत्र माझ्यासमोर बसून पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत, म्हणून ते मला पाठ झालं.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहान कारखान्यात झाला. एलिजांच्या आईने मला भायखळ्याच्या घरी आणलं. त्या यहुदी घरात शनिवार हा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही आणि विझवायचाही नाही. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी आई माझ्या वाती बारीक करून वर किटली ठेवी. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत मला कुणी हात लावत नसे. "माझा स्टोव्ह गुणाचा आहे," असं आई म्हणायची. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

घरात गॅस आला आणि मी माळ्यावर गेलो. खालचे आवाज ऐकत पडून राहिलो. एलिजांची धाकटी बहीण मिरियम लग्न करून इस्रायलला गेली. आईने अंथरूण धरलं. नऊ वर्षं एलिजांनी तिचं सगळं केलं. मग आई गेली. पुढे एलिजांची बायको रूथही गेली.

त्यानंतर ते पत्र आलं. "दादा, फोनवर तू गप्प बसतोस, म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी मला फार दिवस सांगितलेले नाहीत. आई शेवटी काय बोलली, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. तेवढं कळव."

एलिजा दोन ओळी लिहीत आणि कागद फाडून टाकत. शहराच्या गोंगाटात शब्द सापडत नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. घर विकलं आणि रोह्याजवळच्या डोंगरावर कारवीच्या काटक्यांच्या कुडाची एक झोपडी घेतली. तिथे गॅसची टाकी कोण चढवणार? म्हणून मला खाली काढलं. टेम्पो पेण, वडखळ मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी थांबला. पुढे वाडीतल्या काळुरामने मला गोणपाटात बांधून खांद्यावरून वर नेलं.

डोंगरावर शांतता होती, उत्तर मात्र नव्हतं. एलिजा पुस्तकांत डोकं घालून बसत. माझ्या वाती कुणी कातरत नव्हतं. मला काजळी धरली आणि माझी ज्योत एका अंगाला वर चढू लागली.

माघातला शनिवार होता. एलिजांनी आदल्या दिवशी आईसारखंच मला पेटवून ठेवलं होतं. पण भायखळ्याच्या भिंती विटांच्या होत्या. दुपारी दारातून वारा घुसला आणि माझी ज्योत कुडाला लागली. पाण्याचा भरलेला हंडा हाताशी होता. एलिजा उठले आणि उभेच राहिले. जिवाला धोका असेल तर आग विझवायची मुभा आहे, हे त्यांनी वाचलं होतं. पण इथे धोका होता तो पुस्तकांना. चालेल की नाही, याचा ते विचार करत राहिले आणि कूड जळत राहिला. मग पुस्तकांच्या फळीवर ठेवलेलं मिरियमचं पत्र आठवून त्यांनी पेटत्या फळीत हात घातला.

काळुराम ओली गोणपाटं घेऊन धावत आला. आग विझली तेव्हा अर्धी झोपडी उरली होती. पत्र उरलं नव्हतं.

"काका, हंडा भरलेला हाय. वतला का नाय?"

"आज शनिवार, काळुराम."

"मंग? आगीला वार कलतो?"

एलिजांच्या उजव्या हाताला फडकं बांधलं गेलं. जळालेल्या पत्राचं ऐकून रविवारी काळुराम वही घेऊन आला. "सातवी शिकलोय. सांगा, लिवतो."

"प्रिय मिरियम, प्रदीर्घ मौनाबद्दल..."

"भयनीशी असं कोन बोलतं? सरकारी कागद हाय काय?"

एलिजांनी हातावरचं फडकं सारखं केलं. मग खाली बघत म्हणाले, "लिही. आई शेवटचा महिनाभर तुझंच नाव घेत होती. मी उशाशी होतो, पण तिने मला ओळखलं नाही. पाणी मी पाजायचो आणि ती म्हणायची, मिरियम आली. मला ते सोसलं नाही. म्हणून तुला सांगितलं नाही."

काळुरामने मान वर केली नाही. "पत्ता?"

"पाठ आहे."

मित्रांनो, आमच्या वाती कातरत जा, आमची काजळी पुसत जा, आणि पेटता विस्तव एकटा सोडू नका. आपल्या माणसाने काही विचारलं असेल, तर चांगल्या शब्दांची वाट बघू नका. मला वाटतं, एवढं सांगण्याचा हक्क माझ्यासारख्या जळक्या स्टोव्हलाही असावा.

सोमवारी काळुराम मला भंगारात द्यायला रोह्याला घेऊन निघाला. वाटेत तो पोस्टात शिरला. खिडकीतल्या बाईने पाकीट वजनाला टाकलं.

"पोचायला तीनेक आठवडे लागतील," ती म्हणाली.

"लय झालं," काळुराम म्हणाला. पण त्याने तिकिटं घेतली, थुंकी लावून नीट चिकटवली, आणि पाकीट पेटीत टाकलं.