सरकारांची मोटार आन माझा मेंढा

नवऱ्याचं नाव बाईनं घिऊ नये म्हंत्यात. मी घेते. हरिबा. पुन्यांदा घेते, हरिबा. ज्या माणसानं माझ्या माहेरची मेंढरं इकून राजाची मोडकी मोटार दारात आणून हुबी केली, त्येचं नाव घ्यायला मला कसली आलीय लाज?

तुमाला म्हाईत नसंल म्हणून सांगते. आटपाडीच्या बाजारात हरिबाला लोक हाका मारून बोलवायचे. मेंढ्याच्या तोंडात त्येचा आंगठा गेल्याबिगर मोठा सौदा हुईत नव्हता. डोळं झाकून दातावरनं आंगठा फिरवायचा आन वय सांगायचा, ह्यो दोन दाती, ह्यो चार दाती, ह्येला इकणारा तरणा म्हंतोय पर ह्येचं दात झिजल्यात, औंदाचा उन्हाळा काढत न्हाई. कवा चुकला न्हाई. माझा बाप यल्लाप्पा जतकडचा, लय चिकट माणूस. त्यो बी ह्या आंगठ्यावर भुलला आन मला ह्या घरात दिली. संगं सात मेंढ्या दिल्या, कानाला आमच्या माहेरची खूण आसलेल्या. त्या साताच्या म्या बावीस वर्सांत साठ केल्या. उन्हातान्हात त्येंच्या मागं कृष्णाकाठापतोर चालले, पायाची सालटी निघाली, तवा त्या साठ झाल्या.

चीनची लढाई झाली त्येच्या दुसऱ्या वर्सी माझा दीर अर्जुना मिल्ट्रीतनं घरी आला. तितं त्यो लॉरी चालवायचा. त्येनं सांगितलं की इस्लामपूरकडं साखर कारखाना झाल्यापासनं ऊसवाल्यांच्या हातात पैका खेळतोय, लगीनसराईत नवरदेवाला मोटारीतनं मिरवायला लोक वाटंल ते भाडं देत्यात. आन त्याच टायमाला आमच्या भागातल्या एका बारक्या संस्थानाच्या वाड्यावरनं मोटारी इकायला काढल्यात आशी खबर आली. संस्थानाचं नाव मी सांगत न्हाई. त्येंचं राज गेलं, मला कशाला त्येंचं नाव जपायचंय, पर सांगत न्हाई.

आमी तिघंबी गेलो. मोटार काळीभोर, लांबलचक, परदेशातली. आत लाल मखमल, फुलं ठिवायला चांदीची दांडी, दारावर संस्थानाचा शिक्का. किंमत इचारली तर नव्या फटफटीला पडंल तेवढीच. एवढी मोटार एवढ्याला का देत्यात, ह्ये आमच्यातल्या एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाई. न्हाई, माझ्या आलं हुतं. पर मी पदर डोईवर घिऊन मागं हुबी, मला कोण इचारतंय?

हंबीरराव कारभारी आमाला मोटार दावत हुते. वाड्याच्या फाटकातनं आत शिरल्यापासनं हरिबानं हात जोडले ते सोडलेच न्हाईत. कारभारी म्हणाले, सरकार ही गाडी सोता चालवायचे, मैलाच्या काट्यावर बघा, जेमतेम बारा हजार मैल झाल्यात. हरिबानं काटा बगितला न्हाई. सरकार पाय ठिवायचे त्या जाग्याला त्यो वाकला आन तितं डोस्कं टेकवलं. म्या माझ्या डोळ्यांनी बगितलं. मोटारीचं पायानं दाबायचं दांडं त्येच्या नाकाला लागत हुतं.

अर्जुनानं बानेट उघडायला हात घातला. कारभारी तवा हसत म्हणाले,

"का रे, सरकारांच्या शब्दावर विश्वास नाही?"

झालं. हरिबानं जोडलेलं हात तसंच ठिवून कोपरानं भावाला बाजूला ढकललं. माझी निम्मी मेंढरं त्या कोपरात गेली.

घरी आल्यावर गाव गोळा झालं. बायकांनी बानेटावर हळदकुकू वाहिलं, नारळ फोडला. म्या सुदिक कुकू लावलं. त्येचा राग मला आजून हाय. ज्येच्या आत काय हाय ते कुणी बगितलं न्हाई, त्येला म्या ववाळलं.

पयलंच भाडं इस्लामपूरच्या एका नवरदेवाचं. विट्याच्या पुढं चार मैलावर मोटारीच्या नाकातनं वाफ निघाली आन ती हुबी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. नवरदेवानं मुंडावळ्या कानामागं सारून मोटार ढकलली. वरात शेवटी बैलगाडीतनं गेली, मुहूर्त टळला, आन नवरीच्या मामानं अर्जुनाच्या थोबाडीत दिली. भाडं कुटलं मागताय.

विट्याचा आकाराम मिस्त्री चांगला माणूस. त्येनं आदी बानेट उघडलंच न्हाई. दार उघडून खाली बसला आन हरिबाला म्हणाला, हितं बघा. पायाच्या दांड्यावरचं रबर पार झिजून आतलं लोखंड चकाकत हुतं. बारा हजार मैलात रबराची नक्षी बी जात न्हाई, त्यो म्हणाला. काटा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवावर गेला की पुन्हा शून्यावर येतो. ही गाडी एक डाव सगळं चक्कर मारून आलीया, बारा हजार त्येच्यावर. आन हिचा एक नटबोल्ट हिकडं मिळणार न्हाई, पुण्याला बी न्हाई.

म्या हरिबाच्या तोंडाकडं बगितलं. बाजारातल्या हरेक मेंढ्याचं वय सांगणारा माणूस. झिजलेलं रबर त्येच्या नाकासमोर हुतं, डोस्कं टेकवायच्या टायमाला. आन त्येला दिसलं न्हाई.

तवाच भंगारात घातली आसती तरी जीव थंड झाला आसता. पर न्हाई. राजाची गाडी हाय, तिचा मान राखाय पायजे, आसं म्हणत त्यो रोज सकाळी फडक्यानं ती पुसायचा. पाण्याची टाकी बदलली, पाच मेंढ्या गेल्या. टायरं घेतली, आठ गेल्या. पेट्रोल तर आशी प्यायची, मला वाटायचं रस्त्यावर सांडत चाललीया. पुण्याचं एक भाडं मिळालं, तर वाटंतल्या घाटात गियर तुटला. अर्जुनानं लॉरीला बांधून आणली आन त्या दिशी त्यो म्हणाला, दादा, मी आता ह्या गाडीला हात लावणार न्हाई. त्यो कारखान्यात लॉरीवर गेला. माझ्याकडं ऱ्हायल्या नऊ मेंढ्या आन एक मेंढा, कोंड्या.

कोंड्या म्हंजी माझ्या बापानं दिलेल्या सातातल्या म्होरकीच्या वंशातला. चार दाती, पाठ फळीगत, शिंगं वळून कानापतोर आलेली. नऊ मेंढ्या आन कोंड्या आसला तर दहा वर्सांत पुन्हा साठ हुत्यात, म्या हिशेब धरला हुता. कोंड्या गेला तर नऊ मेंढ्या म्हंजी नुसत्या नऊ मेंढ्या.

आन हरिबानं काय करावं? त्येनं वाड्यावर निरोप धाडला. वाड्यावर तसलीच दुसरी मोटार भंगारात पडली हुती, तिचा गियर कारभारी द्यायला तयार झाले. बदल्यात पैसा नगं म्हणाले, देवीच्या कार्याला खोड नसलेला मेंढा पायजे. हरिबानं हो म्हणून सांगितलं, आन मला सांगितलं ते कारभारी दारात आल्यावर. म्या तवा काय काय बोलले ते हितं सांगायचं न्हाई. मी भांडले, रडले न्हाई. रडायचं काय? मेंढ्या माझ्या हुत्या.

कारभारी चांगले बैठकीला बसल्यागत बाजेवर बसले. संगतीच्या गड्यानं एक पोतं आणून खाली ठिवलं, तोंड सुतळीनं बांधलेलं. मंग कारभारी उठले आन कोंड्याकडं गेले. पयल्यांदा पाठीवरनं हात फिरवला. मंग चारी खुरं उचलून बगितली. शेपूट उचलली. डोळ्यांच्या पापण्या वर केल्या. सगळ्यात शेवटी कोंड्याचा जबडा धरला, तोंड उघडलं आन वाकून एक एक दात मोजाय लागले. हरिबा बाजूला हात जोडून हुबा.

माझं डोस्कं तितं फिरलं. पर म्या आवाज चढवला न्हाई. म्या हरिबाला म्हणाले,

"आवं, बगताय न्हवं? ह्येनी आपल्या मेंढ्याचं दात मोजलं. तुमी पोत्यात काय हाय ते तरी बगा."

कारभाऱ्यांनी कोंड्याचं तोंड सोडलं आन हसले. तेच हसणं. हरिबाकडं बघून म्हणाले, "का रे, विश्वास नाही?"

मला वाटलं आता गेला कोंड्या. मेंढ्याचा दोर म्या मुठीत आवळला हुता, पर वढून घ्यायचा झाला तर बाईमाणसाचं कितीसं चालतंय. आन मंग हरिबा खाली बसला. जोडलेलं हात सोडलं. सुतळी दातानं तोडली आन पोत्यातनं गियर भाईर काढला, त्येलानं काळा झालेला. त्येनं डोळं झाकलं. बाजारात झाकायचा तसंच. आन गियरच्या दात्यांवरनं आंगठा फिरवला, एक, दोन, तीन, सगळ्यांवरनं, सावकाश. दोन दाते तुटलेले हुते, बाकीचे गोल झालेले.

"कारभारी," त्यो म्हणाला, "ह्येचं दात गेल्यात. ह्ये माझ्या मोटारीपरास म्हातारं हाय."

आन गियर त्येंच्या पायाजवळ ठिवून त्यो उठला, माझ्या हातातला दोर घेतला आन कोंड्याला आत न्हिऊन बांधला. कारभारी काय काय बोलत ऱ्हायले. सरकारांच्या कानावर घालतो म्हणाले. हरिबा भाईर आलाच न्हाई. शेवटी गड्यानं पोतं उचललं आन ते गेले.

तुमाला वाटंल, मी खूश झाले आसंल. मला उलट जादाच राग आला. एवढं सोपं हुतं? नुसता आंगठा फिरवायचा हुता? त्यासाटी माझ्या पन्नास मेंढ्या गेल्या? मी आत गेले. हरिबा कोंड्याजवळ खाली बसला हुता. म्या इचारलं, "ह्यो आंगठा त्या दिशी वाड्यात कुटं ठिवला हुता?"

त्येनं माझ्याकडं बगितलं न्हाई. आपल्याच दोन हातांकडं बगत म्हणाला, "हात जोडलं हुतं गं. त्यातच हुता."

म्या कोंड्याच्या म्होरं बाभळीचा पाला टाकला आन चुलीकडं गेले.