गुलाबी नळी आणि जानकी सिस्टर

मित्रांनो, मी एक जुना कलरीमीटर आहे, म्हणजे रंग मोजणारं यंत्र. माझ्या पोटात दिवा, दिव्यापुढे रंगीत काच आणि वर थरथरणारा काटा. नळीतलं पाणी किती गडद आहे, हे मी डोळ्यांपेक्षा नेमकं सांगतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. १९८२ साली मी मुलुंडच्या एका इस्पितळात आलो. सुरुवातीला रोज रक्तातली साखर मोजायची, बस्स. कंटाळाच यायचा!

मग डॉक्टर नलिनी आल्या आणि माझं आयुष्यच पालटलं. त्या प्रयोगशाळेत संधिवातावर संशोधन करत. सांधा सुजला की तिथे प्राणवायूचे उनाड कण तयार होतात आणि पेशींमधल्या चरबीची नासाडी करतात. त्या नासाडीचे अवशेष रक्तात उतरतात. रक्ताच्या वरच्या निवळीत एक रसायन घालून उकळलं की सुंदर गुलाबी रंग येतो. नासाडी जास्त, तर रंग गडद. आणि तो रंग मोजणार कोण? मी! पहिली गुलाबी नळी माझ्या पोटात शिरली, तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

रुग्णांच्या नळ्या गडद निघत होत्या. तुलनेसाठी धडधाकट माणसांचंही रक्त हवं होतं. सगळ्यांत आधी हात पुढे केला जानकी सिस्टरनी. त्या मूळच्या मालवणकडच्या, राहायला नाहूरला. वॉर्डात त्यांची सतत धावपळ चाले.

त्यांची नळी आली आणि माझा काटा भलताच सरकला. रुग्णांइतका गडद रंग!

तंत्रज्ञ जयवंतने मला दोन चापट्या मारल्या. "मॅडम, मशीनची वाट लागली. सिस्टर तर ठणठणीत आहेत ना! भंगारात टाका याला."

मी हादरलो. पण नलिनीताई म्हणाल्या, "थांब रे. आधी यंत्र तपासू, मग दोष देऊ."

त्यांनी ठरावीक रंगाचं द्रावण घातलं. माझा काटा बरोबर जागेवर थांबला. मग ताजी रसायनं आणली, सिस्टरना पुन्हा बोलावलं. रक्त घेताना नलिनीताई म्हणाल्या, "सिस्टर, मूठ वळा."

मूठ वळेना.

"सकाळी बोटं आखडतात का?"

सिस्टर आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. "तासभर तरी आखडतत, मॅडम. कोणाक सांगूक नाय. सुई नीट धरूक जमना नाय असा कळला, तर वॉर्डातून काढतले ना माका!"

दुसरी नळीही तितकीच गुलाबी निघाली. मी खरं बोललो होतो! जयवंत माझ्याकडे बघतच राहिला.

"नुसत्या या रंगावरून आजार ठरत नाही," नलिनीताईंनी बजावलं आणि त्याच दिवशी सिस्टरना सांध्यांच्या तज्ज्ञांकडे नेलं. इतर तपासण्या झाल्या. संधिवातच होता, पण अगदी सुरुवातीचा. हाडं अजून शाबूत होती. औषधं सुरू झाली, हातांना मेणाचा शेक सुरू झाला. मेट्रननी त्यांना कामावरून काढलं नाही, काही महिने हलकं काम दिलं.

पावसाळा सरला तेव्हा सिस्टर पुन्हा रक्त द्यायला आल्या. या वेळी नळी फिकट गुलाबी होती. "झकास!" जयवंत ओरडला. सिस्टरनी त्याला घट्ट मूठ वळून दाखवली आणि तीच त्याच्या पाठीत हलकेच मारली. "ह्या मशीनक चापट्या मारलंस, त्याबद्दल!" सगळी प्रयोगशाळा हसली. माझा काटाही थरथरला!

आता नवी यंत्रं आली आहेत. मी कपाटावर धूळ खात असतो. तक्रार नाही. फक्त तीन विनंत्या आहेत. माझी काच पुसून ठेवा. दुखतंय हे सांगायची कुणाला भीती वाटू देऊ नका. आणि एखादा आकडा नको तसा आला, तर यंत्राला चापटी मारण्याआधी समोरच्या माणसाचा हात जरा हातात घेऊन पाहा.