खाली न ठेवलेली गिंब्री

मी एक जुनी गिंब्री आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्या कानांवरून गेले नसेल, म्हणून आधी ओळख सांगते. लाकडाचे एक लांबट पोकळ खोड, त्यावर उंटाच्या मानेचे ताणलेले कातडे, काठीची गोल मान आणि आतड्याच्या तीन जाड तारा. तारा छेडता छेडता त्याच हाताने कातड्यावर थाप द्यायची. वीणा आणि मृदंग एकाच पोटी जन्माला आले असते तर जे झाले असते, ते मी. सध्या माझा मुक्काम बंगळुरात, येलहंक्याला, पुरुषोत्तमबुवांच्या घरी वरच्या खोलीत आहे. दारावरची बेल वाजली की अजूनही माझ्या तारा आपोआप थरथरतात. ही भीती माझ्यात कुठून शिरली, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म मोरोक्को देशातल्या एस्सवीरा या समुद्रकाठच्या गावी झाला. मला घडवले मालेम बूजमा यांनी. मालेम म्हणजे आपल्याकडचे बुवा. सुरी माझ्या पोटात फिरत होती तेव्हा मी फार घाबरले होते, पण त्यांचा हात मऊ होता. ते तासता तासता देवाचे नाव घेत. मला वाटते, माझ्या पोटात पहिला आवाज शिरला तो त्या नामाचाच.

माझी उमेदीची वर्षे थाटात गेली. मालेम मांडी घालून बसत, आधी परमेश्वराला आळवीत, प्रेषितांना सलाम करीत, आणि मग थाप पडे. मागे लोखंडी झांजा घेतलेली मंडळी ध्रुपद धरी. दुःखाने पिचलेली माणसे येत, ऐकता ऐकता रडत आणि हलकी होऊन घरी जात. लोक म्हणत, बूजमांची गिंब्री बोलते. मला अभिमान वाटे.

पण एक रीत होती. बायकांनी ऐकायचे, टाळ्या द्यायच्या, डोलायचे. गिंब्रीला हात मात्र पुरुषांनीच लावायचा. का, ते कुणी विचारीत नसे. मालेमनीही कधी विचारले नव्हते, त्यांची तिलीला नावाची नात मोठी होईपर्यंत.

तिलीलाचे वडील ती लहान असतानाच गेले. ती आजोबांच्या पाठीशी बसून ऐके आणि केरसुणीचा दांडा मांडीवर घेऊन त्यावर आजोबांसारखी बोटे फिरवी. एके दिवशी मालेमनी ते पाहिले. मग उठून त्यांनी दाराला कडी घातली आणि मला तिच्या मांडीवर दिले. तेव्हापासून बंद दाराआड शिकवणी सुरू झाली. बाहेर पाऊल वाजले की आजोबा तळवा माझ्या कातड्यावर दाबून मला गप्प करीत. त्या तळव्याला घाम असे. एवढा मोठा मालेम, गावात ज्याचा शब्द चालतो, तोही घाबरे. मित्रांनो, भीती मी तिथे शिकले.

मालेम गेले. तिलीलाचे काका घराचे कर्ते झाले. त्यांनी मला भिंतीवर टांगले. खाऱ्या वाऱ्याने माझे कातडे कडेला तडकले, तारांना धूळ बसली. तिकडे आता काही मुली जत्रेच्या मंचावर बसून गिंब्री वाजवतात, लोक त्यांना दादही देतात. तिलीलाने हे एकदा जेवताना सांगितले, तर काका म्हणाले की दुसऱ्यांच्या मुली काय करतात हे मला ऐकायचे नाही. पुढे एका हॉटेलवाल्याने मला दिवाणखान्यात शोभेसाठी मागितले. तारा काढून टाकू, म्हणजे पाहुणे उगीच छेडणार नाहीत, असे तो काकांना म्हणत होता. मी भिंतीवरून ऐकत होते. तारा काढल्यावर माझ्यात उरणार ते काय?

त्याच सुमारास तिलीलाला बंगळुरात कॉम्प्युटर शिकायला प्रवेश मिळाला होता. निघायच्या सकाळी तिने मला दोन स्वेटरांत गुंडाळले आणि कुणाला न सांगता पेटीत घातले. विमानाच्या पोटातला तो काळोख आणि ती थंडी मी विसरणार नाही.

आधी आम्ही कोरमंगलाच्या एका पीजीत राहिलो. मी खाटेखाली, पेटीतच. भिंती पातळ होत्या. तिलीला मला बाहेर काढी, तारांवरून नुसते बोट फिरवी आणि परत झाकून ठेवी. ती स्वतःलाही तशीच झाकून ठेवत होती. कॉलेजात तिला आफ्रिकन म्हणत, मशिदीत भेटणाऱ्या बायका अरब म्हणत, रिक्षावाले अण्णा रोज नवा देश सुचवीत. ती सगळ्यांना हो म्हणे. आपण खरे कोण, हे तिने कुणाला सांगितले नाही.

खोलीतली तिची सोबतीण निधी नागपूरची, एका कंपनीत नोकरीला. तोंडाने फटकळ, मनाने सोने. तिनेच येलहंक्याची ही खोली शोधली. घर पुरुषोत्तमबुवांचे. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, पण गावातली मराठी मंडळी त्यांना ओळखते ती कीर्तनामुळे. त्यांची पत्नी संध्या. इतकी वर्षे इथे राहिल्यामुळे सगळे त्यांना संध्याअक्काच म्हणतात.

इथल्या ओल्या हवेत माझे कातडे सैल पडले. थाप मारली तर ओल्या पोत्यासारखा आवाज यायचा. शेवटी तिलीला मला छातीशी धरून भीत भीत खाली स्वयंपाकघरात गेली आणि गॅसकडे बोट दाखवू लागली. "स्वल्प थांब," अक्का कानडी वळणाने म्हणाल्या, आणि त्यांनी माळ्यावरून जुनी शेगडी काढली. डफ शेकतात तसे मला निखाऱ्यांवर लांबून फिरवले. माझे अंग ताठ झाले. तिलीलाने एकच थाप दिली. बाहेर ओसरीत बसलेले बुवा वर्तमानपत्र टाकून आत आले.

"ही तर वीणा आहे की," ते म्हणाले.

"वीणेला असली ढेरी असते होय," अक्का म्हणाल्या. "तुमच्यासारखी आहे ती. पोटातून बोलणारी."

मित्रांनो, कीर्तन मी या घरात ऐकले. भाषा कळत नव्हती, पण बुवांनी नमनाला हात जोडले की मला मालेम दिसत. तेच आळवणे, तेच मागे ध्रुपद धरणारे टाळकरी. आणि हेही दिसले, की अक्का नेहमी मागे, टाळ घेऊन. सगळी आख्याने त्यांना पाठ. बुवा अडले की त्या हळूच शब्द पुरवीत. पुढे मात्र कधी उभ्या राहिल्या नाहीत. तिलीलानेही हे पाहिले असावे, कारण ती अक्कांच्या शेजारी जाऊन बसू लागली.

मंडळाच्या सभागृहात दरवर्षी नामसप्ताह होतो. सात दिवस एक वीणा अखंड कुणाच्या तरी गळ्यात असते. ती जमिनीला टेकवायची नाही. दमलेल्याने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. यंदा समाप्तीच्या दुपारी तिलीलाने तिच्या आजोबांचे नामस्मरण ऐकवावे, असे बुवांनी ठरवले. ती ज्या नावाने देवाला हाक मारते त्याच नावाने मारील, आपण ऐकू, एवढेच ते मंडळात बोलले. एकदोघांनी कुरकुर केली, मग ऐकायला पुढच्या रांगेत जागा धरली. मला मांडी घालून वाजवतात, पण अक्कांनी गळ्यात घालायला जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवला, कारण त्यांच्या मते नाम उभ्याने घ्यायचे असते.

घात झाला तो निधीच्या कौतुकाने. तिने गच्चीवरचा तिलीलाचा सराव फोनवर टिपला आणि सगळीकडे पाठवला. तो फिरत फिरत एस्सवीराला पोचला. काकांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. तिलीलाचा भाऊ झकरिया दुबईत नोकरीला होता. तो येतो आहे, गिंब्री त्याच्या हवाली कर आणि तूही त्याच्याबरोबर घरी ये, असे ते सावकाश म्हणाले.

त्यानंतर घरातली प्रत्येक बेल आम्हा दोघींच्या पोटात वाजे. दूधवाला आला तरी तिलीला जिन्यात थिजून उभी राही. तिने मला कपाटावर लपवले, मग खाटेखाली, मग पुन्हा कपाटावर. निधी रडवेली होऊन म्हणाली, की काकू, माझ्यामुळे झालं सगळं, मी व्हिडिओ डिलीट करते. अक्का म्हणाल्या, की बाण सुटला तो सुटला, आता पोरीला चार घास खाऊ घाल.

समाप्तीचा दिवस उजाडला. सभागृह भरले होते, बुक्क्याचा वास होता. बुवांचे कीर्तन झाले आणि अक्कांनी मला तिलीलाच्या गळ्यात घातले. तिच्या छातीची धडधड माझ्या लाकडात ऐकू येत होती. तिने डोळे मिटले, देवाचे नाव घेतले, पहिली थाप दिली. आवाज स्वच्छ निघाला.

तेवढ्यात मागच्या दारात झकरिया दिसला. घराला कुलूप पाहून शेजाऱ्यांनी त्याला इकडे पाठवले होते. हातात बूट, खांद्यावर रिकामी लांब पिशवी. ती पिशवी माझ्या मापाची होती.

तिलीलाचा हात थांबला. कपाळावरचा घाम माझ्या कातड्यावर पडला. तिने पट्टा मानेतून काढला आणि मला सतरंजीवर ठेवायला ती खाली वाकली. संपले, असे मला वाटले.

पुढच्या रांगेतल्या बायकांत एकदम हलकल्लोळ झाला. वीणा जमिनीला लागते आहे असेच त्यांना वाटले. टाळ सोडून अक्का धावल्या आणि सतरंजी आणि मी यांच्यामध्ये त्यांनी आपले दोन्ही तळवे घातले.

"खाली नाही ठेवायची, बाळा. हातात घेतलेली खाली ठेवत नाहीत. दमलीस तर दुसऱ्याच्या गळ्यात दे."

निधीने घाईघाईने इंग्रजीत सांगितले. कुणाच्या, असे तिलीलाने विचारले.

"ज्याला येते त्याच्या," अक्का म्हणाल्या.

तिलीला सभागृहभर पाहत राहिली. मग मला दोन्ही हातांवर घेऊन माणसांमधून वाट काढत थेट दाराशी गेली आणि तिने मला झकरियाच्या गळ्यात घातले. शेदीडशे डोळे त्याच्याकडे वळले. रीतच अशी, की वीणा गळ्यात आली म्हणजे नाम पुढे चालायला हवे. लोक टाळ सावरून वाट पाहू लागले.

झकरियाची बोटे माझ्या तारांवर आली. आणि मला कळले, ती बोटे माझ्या तारा ओळखत नव्हती. मालेमच्या घरचा मुलगा तो. त्याला वाजवता येते, असे सगळे धरूनच चालले होते. तो कधी शिकलाच नव्हता. आजोबांनी बोलावले तेव्हा तो फुटबॉल खेळायला पळे, आणि पुढे हे कबूल करायची लाज वाटे. त्याने एक थाप मारली. ती चुकली. दुसरी मारलीच नाही. इतके दिवस मी ज्याला भ्याले, तो माझ्याहून जास्त भ्यालेला निघाला.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी धीर द्यायला हळूच टाळ वाजवला. झकरियाची मान अधिकच खाली गेली. "तुला येतं ना सगळं?" त्याने बहिणीला अरबीत विचारले.

"आजोबांनी दिलं तेवढं येतं."

त्याने पट्टा काढला. क्षणभर त्याची नजर रिकाम्या पिशवीकडे गेली. मग त्याने मला तिच्या गळ्यात घातले. त्याचे हात रिकामे झालेले पाहून अक्कांनी दोघांना पुढे बोलावले आणि खाली टाकलेले आपले टाळ उचलून त्याच्या हातात दिले. झांजा मात्र त्याला येत होत्या; त्या तिकडच्या प्रत्येक पोराला येतात. त्याने ठेका धरला, तिलीलाने थाप दिली, आणि अक्का टाळ नसल्यामुळे रिकाम्या हातांनी, आयुष्यात पहिल्यांदा, पुढे उभ्या राहून टाळ्या देत ध्रुपद म्हणू लागल्या. शब्द त्यांचे त्यांना माहीत. बुवा मागे सरकून टाळकऱ्यांत जाऊन उभे राहिले.

झकरिया प्रसाद घेऊन बहिणीशेजारी बसला. काकांचा फोन सारखा वाजत होता. "मी त्यांना काय सांगू?" त्याने विचारले. निधीने ते अक्कांना मराठीत सांगितले.

"सांग, आणायला गेलो होतो," अक्का म्हणाल्या. "पण इथे वाद्य खाली ठेवायची चाल नाही. वाजवणारी दमली की कळवू."

झकरिया पहिल्यांदा हसला. रिकामी पिशवी घेऊन तो दुबईला परत गेला. काकांचे फोन अजून येतात. तिलीला उचलते, उभी राहून बोलते, आणि बोलताना तिचा एक हात माझ्या मानेवर असतो. तिला भीती वाटते, मलाही वाटते. पण आता ती मला खाटेखाली ठेवत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल तर त्याला ओलीपासून जपा, त्याच्या तारा सैल करून ठेवा, कातडे शेकताना निखाऱ्यापासून लांब धरा. आणि ते कुणाच्या हातात शोभते हे ठरवण्याआधी, एकदा ते त्या हातात देऊन ऐका. देव नाम घेणाऱ्याचा हात पाहत नाही, असे बुवा कीर्तनात सांगतात. खाली बेल वाजते आहे. बहुतेक दूधवालाच असेल.