ठोकळ्याने सनद वाचली

मागच्या जन्मी मी जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात कारकून होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांची कामं माझ्या गळ्यात पडली, कारण मला ती जमायची. शेवटी कपाटावरून एक गठ्ठा काढताना स्टूल हललं आणि मी गेलो. डोळे उघडले तर पाळण्यात! भोवती सरदारांचं अख्खं घराणं, आणि मी त्यांचा तिसरा मुलगा. तेव्हाच ठरवलं, या जन्मी आपल्याला काही म्हणजे काही येत नाही.

हे सोंग मी इमानेइतबारे वठवलं. पुस्तक उलटं धरलं, उजवा बूट डाव्या पायात घातला. थोरला दादा मला ‘ठोकळा’ म्हणायचा, ते माझ्या पथ्यावरच पडलं. ठोकळ्याला कोण काम सांगणार?

भोगलं ते आईने. रोज दुपारी दार लावून ती मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायची. एकेक अक्षर महिनाभर. बाहेरून काकू मुद्दाम मोठ्याने म्हणायची, “आईचंच डोकं घेतलंय पोराने!” मला सगळं ऐकू यायचं. पन्नाशी उलटून मेलेला बाप्या मी, तिशीतल्या बाईच्या जिवावर आळस करत होतो. शरमेने कान तापायचे. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच अक्षर उलटं काढायचो.

आमच्या घरात नवव्या वाढदिवसाला मुलाने सर्वांसमोर घराण्याची सनद वाचायची असते. नाही जमलं, तर मोठा होईपर्यंत त्याची रवानगी दूरच्या आत्याकडे. माझ्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. आदल्या दिवशी आई माझे कपडे पेटीत भरत होती. एकाच सदऱ्याची घडी तिने तीनदा मोडली. माझ्याच्याने पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर मी सनद हातात घेतली आणि सुटलोच. जुनं वळण, अवघड जोडाक्षरं, चारी बाजूंच्या हद्दी, कुठे म्हणून अडखळलो नाही. वर भरीत भर, वडिलांना म्हणालो, “आबा, उत्तरेच्या हद्दीत खाडाखोड झालीय. दुरुस्त करून घ्या.”

काकूचा वासलेला आ मिटेना. आबांनी मला उचललंच. “उद्यापासून हा दिवसभर माझ्याबरोबर कचेरीत बसेल!”

मी धावत आईच्या खोलीत गेलो. ती पेटीतले कपडे परत काढत होती.

“आई, ऐकलंस ना?”

“ऐकलं. तुला वाचता येतं हे मला कधीचं ठाऊक आहे. झोपेत बडबडतोस तू. ‘अर्ज दोन प्रतींत आणा’ म्हणतोस.”

मला घाम फुटला. “मग रोज शिकवत का बसायचीस?”

“या घरात सकाळपासून सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं. ठोकळ्याला शिकवतेय म्हटलं की कुणी दार वाजवत नव्हतं. टोमणे यायचे, पण बाहेरूनच.” तिने सदरा खुंटीला अडकवला. “अडखळत वाचायचं होतंस रे. इथे राहता येईल, एवढ्यापुरतं.”

मला हे सुचलंच नव्हतं. पुढ्यात कागद आला आणि माझ्यातला कारकून शेफारला होता. “चुकलो, आई,” मी म्हणालो.

बाहेरून काकूची हाक आली. आईने पदर सारखा केला, दार उघडलं आणि ती गेली.