वीतभर उंचीतला ओटा

सुतार मागच्या दारात उकिडवा बसला, उंबऱ्यापासून मातीपर्यंत टेप धरला आणि त्यानं मान हलवली.

"अठरा सेंटिमीटर. म्हणजे वीतभर. एवढ्यात उंबऱ्याच्या पातळीला येणारा लाकडी ओटा बसत नाही, ताई. खाली हवा खेळणार नाही, पाणी साचेल, दोन वर्षांत फळ्या कुजतील. हव्या तर दोन पायऱ्या करून देतो."

"पायऱ्यांचं मी काय करू?" चाकांच्या खुर्चीतून ताई म्हणाली.

सुतार ओशाळला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या ताईच्या धाकट्या भावाला मात्र हायसं वाटलं. "मी तेच म्हणत होतो. कशाला हा खटाटोप? खिडकीतून अंगण दिसतंच की."

"दिसतं म्हणून तर डोकं फिरतं," ताई म्हणाली.

चौदा महिन्यांपूर्वी ऑफिसातून परतताना तिला एका टेम्पोनं उडवलं होतं. कमरेखाली काही हलेना, काही कळेना. स्वतःचं दोन खोल्यांचं घर सोडून ती भावाकडे राहायला आली. भाऊ वाईट नव्हता. तिची एक गोळी चुकू द्यायचा नाही. पण ती समोर बसलेली असताना तो बायकोला विचारायचा, "ताई जेवली का?" अंगणात जायचं तर दोघांनी खुर्ची उचलावी लागे, आणि उचलताना तो इतका कण्हायचा, की तिनं जायचंच सोडून दिलं.

गटार खात्यात सव्वीस वर्षं तिनं नकाशे काढले होते. अख्ख्या गावाचं पाणी कागदावर उताराला लावलं होतं. वीतभर उंचीत ओटा होत नाही, हे तिला कोणी सांगावं, याचाच तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेल्यावर तिनं भावजयीला हाक मारली. "बादलीभर पाणी आण आणि इथं भिंतीलगत ओत."

भावजयीनं ओतलं. पाणी अंगणाकडे गेलंच नाही. उलट भिंतीशी येऊन उभं राहिलं.

"मागच्या खोलीला ओल का येते, कळलं?"

"आणि मी दोनदा रंग दिला त्या भिंतीला," भावजय म्हणाली. तिनं पदर खोचला. "आता काय करायचं सांगा."

दोघींनी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. एक टोक ताईच्या हातात, दुसरं भावजयीच्या. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून कुठली जागा किती खाली हे मोजता येतं. कुंपणापलीकडच्या बोळातलं गटार उंबऱ्यापेक्षा पाऊण मीटर खाली निघालं. म्हणजे पाणी तिकडे उतरवता येणार होतं. ताई एवढी खूश झाली, जणू सोनंच सापडलं.

मग चार दिवस ताई कागदावर वाकलेली होती. ओट्याखालची माती बारा सेंटिमीटर खणायची. तिला भिंतीपासून दूर ढाळ द्यायचा, वर खडी, शेवटी भोकं पाडलेला पाइप थेट बोळातल्या गटारात. तुळयांवर आडवे वासे ठेवले तर उंची पुरत नव्हती, म्हणून वासे तुळयांच्या मध्येच, एका पातळीत अडकवायचे. फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. दारासमोर जाळी, म्हणजे पावसाचं पाणी उंबरा न ओलांडता खाली उतरेल.

भावाला नकाशा दाखवला, तर तो म्हणाला, "छान काढलाय," आणि टीव्हीकडे वळला.

बुधवारी ताईच्या दवाखान्यातल्या व्यायामाहून दोघी परतल्या, तर मागच्या दारी मिक्सर घरघरत होता. भिंतीला लागून फळ्यांची चौकट ठोकलेली, तीन मजूर आणि एक ठेकेदार उभे. भाऊ हसत पुढे आला. "तुला बाहेर जायचंय ना? उद्या सकाळपर्यंत सिमेंटचा रॅम्प तयार. वर्षानुवर्षं वाट बघायला नको."

ताईनं चौकट पाहिली. सिमेंट पडलं की भिंतीशी साचणारं पाणी कायमचं तिथं कोंडणार होतं.

"ओतू नका," ती ठेकेदाराला म्हणाली.

"ताई, माल कालवून झालाय."

तिनं खुर्ची उंबऱ्यापर्यंत रेटली. पुढची दोन्ही चाकं चौकटीवर अधांतरी आली.

"मग ओता. माझ्या पायांवर ओता. मला कळणारही नाही."

ठेकेदारानं मिक्सर बंद करायला सांगितलं.

भावाचा चेहरा पडला. "हे सगळं मी तुझ्यासाठीच करतोय ना?"

"माझ्यासाठी करतोस आणि माझ्याशीच बोलत नाहीस. मी चालायची बंद झाले, विचार करायची नाही."

भावजयीनं पिशवीतून नकाशा काढला आणि नवऱ्याला न देता ठेकेदाराच्या हातात दिला. "हे करा. त्या भिंतीला मी पुन्हा रंग देणार नाही."

ठेकेदारानं तो उलटसुलट करून पाहिला. "हा कोणी काढला?"

"मी," ताई म्हणाली.

"मग यात सिमेंटचं काम फक्त तुळया टेकवायच्या ठोकळ्यांपुरतं. बाकी खणायचंच आहे." त्यानं मजुरांना चौकट उखडायला सांगितलं. कालवलेल्या मालाचे ठोकळे ओतले, उरलेल्यातून फाटकापुढचा खड्डा बुजला.

सुताराला पुन्हा बोलावलं. वासे तुळयांच्या मध्ये बसवताना तो सारखा पुटपुटत होता. फळ्या ठोकण्याआधी ताईनं होजपाइप सोडायला लावला. पाणी खडीतून सरसर पाइपाकडे गेलं, फक्त डाव्या कोपऱ्यात थोडं थांबलं.

"एवढं चालतं," सुतार म्हणाला.

"चालत नाही."

"कोणाला दिसणार आहे?"

"मला माहीत आहे ना. काढा ते वासे."

त्यानं काढले. कोपरा खणून पुन्हा ढाळ दिला. या खेपेला पाणी थांबलं नाही. सुतार जरा वेळ बघत राहिला आणि त्यानं नकाशाचा मोबाइलवर फोटो घेतला. "अशीच जागा आहे एका गिऱ्हाइकाची. त्याला मी नाही म्हणून आलोय."

ओटा झाल्याच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या सकाळी उघडलं. मागची खोली कोरडी होती. बोळातल्या गटारात पाइप अजून बारीक धारेनं गळत होता. ताईनं दार उघडलं, खुर्ची एका दमात जाळीवरून ओल्या फळ्यांवर नेली, आणि मागं वळून दार ओढून घेतलं.

लगेच भावानं ते उघडलं. "एकटी कशाला? थांब, मी आलो."

"येऊ नकोस."

तो एक पाय बाहेर टाकून तसाच उभा राहिला. मग त्यानं पाय आत घेतला. "बरं. येऊ का?"

ताईनं थोडा विचार केला.

"अर्ध्या तासानं ये," ती म्हणाली आणि खुर्ची लिंबाच्या झाडाकडे वळवली.