जाळीलगतचा चेंडू

चेंडू टेबलाच्या कडेवरून खाली घरंगळला आणि पुंजारामनं बॅट टेबलावर ठेवली. आता वाकायचं! कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीमागून थेट अंगठ्यापर्यंत जात होती, आणि समोर खुर्चीत साहेब बसलेले. सातपूरच्या त्या कारखान्यात अठ्ठ्याहत्तर साली टेबल टेनिसच्या खेळाडूंसाठी कारकुनाची एकच कायम जागा निघाली होती. हंगामी असे दोघंच: पुंजाराम आणि गोदामातला खंडेराव. आज जिंकेल त्याची जागा. साहेबांनी वर बजावलं होतं, "दुखणाईत माणूस मला नकोय."

सकाळी बायकोनं, लताबाईनं, सदऱ्याखाली कमरेचा पट्टा आवळून दिला होता.

"हरलात तरी चालंल, पण घरी आपल्या पायांनी या."

"हरून कसं चालेल?" तो खेकसलाच होता. दर सहा महिन्यांनी नोकरीत ब्रेक, मग पुन्हा हंगामी, असं करत सहा वर्षं काढली होती बिचाऱ्यानं.

तेवढ्यात खंडेराव टेबलाला वळसा घालून आला, चेंडू उचलून त्यानं पुंजारामच्या हातात दिला.

"घे."

पहिल्या गेमपासून त्याचं हे असंच चाललेलं. चेंडू कुणाच्याही बाजूला पडो, उचलायला हाच हजर. पुंजारामनं सदरा खाली ओढून पट्टा झाकला. या गड्याला कळलंय की काय? नक्कीच साहेबांपुढं उघडं पाडणार!

एकेक गेम दोघांनी घेतला होता. तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झाले. पुंजारामनं सर्व्हिस केली, खंडेरावचा फटका बाहेर गेला. वीस-एकोणीस. खंडेराव पुन्हा चेंडूमागं गेला, आणि पुंजारामनं या खेपेला नीट पाहिलं. त्यानं एक गुडघा जमिनीला टेकला, पाठ काठीसारखी ताठ ठेवली, टेबलाचा पाय धरून ओठ दाबत उठला. डॉक्टरांनी पुंजारामला शिकवलं होतं ते अगदी असंच.

अरेच्चा! म्हणजे हाही!

या कमरेला कुठला चेंडू झेपत नाही, हे पुंजारामशिवाय कुणाला ठाऊक असणार? त्याचा हात क्षणभर थबकला. मग त्यानं सर्व्हिस आखूड केली, जाळीलगत, उजव्या कोपऱ्यात. खंडेराव वाकून झेपावला आणि कोपर टेबलावर टेकून तसाच राहिला. चेंडू दोन टप्पे घेऊन गेला. एकवीस-एकोणीस, पुंजाराम जिंकला.

"शाब्बास!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

खंडेराव हळूहळू सरळ झाला. त्यानं हात पुढं केला.

"डाव्या पायात उतरतं ना रे?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "पहिल्याच गेमला दिसलं मला. गादी काढून टाक, फळीवर निजत जा."

साहेब हाका मारत होते. पुंजाराम जागचा हलला नाही. तिन्ही गेममध्ये खंडेरावनं आपल्याला जाळीलगत एक तरी चेंडू टाकला होता का, हे तो आठवत राहिला. एकही आठवेना.