बारशाच्या आधीचं नाव

काशीनाथकाकांना नात झाल्याचं आशा सिस्टरांनी मिनलला जिना चढताना सांगितलं. "आज खुशीत असतील. दुखणंही जरा आटोक्यात आहे. तू नुसती बस त्यांच्याजवळ." मग वरच्या पायरीवर थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "दिवस मात्र थोडेच आहेत आता."

नुसतं बसणं मिनलला अजून जमत नव्हतं. ती मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजातली काही मुलं आठवड्यातून एकदा, शेवटच्या आजारातल्या माणसांच्या घरी नर्सबरोबर जात. तुम्ही कुणाला बरं करायला जात नाही आहात, असं त्यांना सुरुवातीलाच बजावलेलं होतं. मिनलला ते पटलं होतं. पण समोर माणूस आणि आपल्याकडे काही काम नाही, अशी वेळ आली की तिची नजर दुरुस्त करण्यासारखं काहीतरी शोधू लागे.

काकांची खोली भाईंदरच्या खारी भागात, दुसऱ्या मजल्यावर. ते खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसले होते. यकृताच्या कर्करोगाने अंग वाळलं होतं, डोळे पिवळे झाले होते. आवाज तेवढा दुकानातला राहिला होता. भाईंदरच्या एका भांड्यांच्या दुकानात बसून त्यांनी जन्मभर भांड्यांवर नावं घातली होती. लग्नाच्या पराती, मुंजीचे तांबे, बारशाच्या वाट्या.

"ये, पेढा खा," ते मिनलला म्हणाले. "कडू असला तर सांग. मला हल्ली सगळंच कडू लागतं, म्हणजे पेढेवाल्याची चूक कळायची नाही."

"गोड आहे काका."

"मग झालं. आता ते बघ." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे एक कोरी स्टीलची वाटी होती आणि शेजारी पेनासारखी धरायची, वायर गुंडाळलेली लहानशी मशीन. "माळ्यावरनं काढून घेतली. नातीच्या वाटीवर नाव मी घालणार. दुसऱ्या कुणाचा हात नको."

"मग घाला ना."

"काय घाला? नाव कुठे माहितेय? ते बारशाला कळणार. आधी आत्या बाळाच्या कानात सांगणार, मग आम्हाला."

सून दिव्या बाळाला घेऊन माहेरी, विरारला होती. मुलगा जितेंद्र तिकडेच गेला होता. बारसं पुढच्या आठवड्यात होतं. मिनलने काकांच्या हातांकडे पाहिलं, मग सिस्टरांचं जिन्यातलं वाक्य आठवून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आत्या म्हणजे काकांची मुलगी नीलिमा, तिथे पेज ढवळत होती. हाटकेश भागातल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती ती, सध्या रजेवर.

"ताई, बाळाचं नाव ठरलंय ना? काकांना आजच सांगाल का? म्हणजे त्यांना वाटीवर घालता येईल."

एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याला ती हवी आहे. मिनलला यात काही अवघड दिसलं नव्हतं.

नीलिमाचा डाव थांबला. "बारशाच्या आधी नाव फोडत नाहीत आमच्यात."

"हो, पण..."

"पण काय? बाबा बारशाला नसणार, असं ठरवून टाकलंत तुम्ही? सिस्टर बोलल्या का तसं?"

"तसं नाही," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते खरं नव्हतं आणि मिनलच्या तोंडून निघेना. "मी विचारायला नको होतं, ताई," ती म्हणाली.

नीलिमाने गॅस बंद केला. "मी आधी नाव सांगितलं, तर मीच बाबांना जा म्हटल्यासारखं होईल गं," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता.

"नीलू!" बाहेरून हाक आली. "भांडायचं तर इकडे येऊन भांडा. मला पण करमणूक पाहिजे."

दोघी बाहेर आल्या. सिस्टर काकांच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडत होत्या.

"बारशाच्या वाटीवर लोक नाव कधी घालतात?" काकांनी लेकीला विचारलं. "बारसं झाल्यावर?"

नीलिमा कॉटच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"आदल्या दिवशी आत्याबाई यायच्या दुकानात. इकडे बघायचं, तिकडे बघायचं, आणि वाकून माझ्या कानात सांगायचं. बाळाच्या आधी मला! अर्ध्या भाईंदरची नावं मी आयांच्या आधी ऐकलीयत."

"आणि एकही फुटलं नाही?" सिस्टरांनी विचारलं.

"एकदा. शेठने वाटी हातात घेतली आणि भर दुकानात मोठ्याने वाचली. त्या बाईची जाऊ तिथेच कुकर बघत होती. बाईने पोराचं नावच बदललं आणि वाटी परत!"

सिस्टर हसल्या. नीलिमा हसली नाही. "मग मी आता काय करू?"

"बापाला नको सांगू. गिऱ्हाईक हो. नाव घालणाऱ्याला सांग."

ती बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मग पुढे होऊन तिने वाटी उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. "यावर नाव घालायचंय."

"घाई आहे का, बाई?" काकांनी दुकानातल्या सुरात विचारलं.

नीलिमाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनीही नजर वळवली नाही.

"हो," ती म्हणाली. "घाई आहे."

"मग लगेच करून देतो."

ती वाकली आणि त्यांच्या कानात बोलली. काकांनी डोळे मिटून ऐकलं; मग कपाळाला आठ्या घातल्या. "जोडाक्षर! दोन सरळ अक्षरं मिळाली नाहीत तुम्हाला?"

आता मात्र ती हसली, गाल ओले असतानाच.

सिस्टरांनी त्यांच्या कोपराखाली उशी दिली. मांडीवर पोळपाट, पोळपाटावर वाटी. मशीन गुणगुणू लागली तशी टोकाची थरथर आणि हाताची थरथर एकत्र झाली. मिनलने चटकन त्यांचं मनगट पकडलं.

"हात सोड," काका म्हणाले. "वाटी धर."

तिने हात सोडला आणि दोन्ही हातांनी वाटी धरली. स्टीलमधून कंप तिच्या बोटांत येत होता. 'स' तिरका उतरला. 'न'ला 'व' जोडताना ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा टोक टेकवलं. वेलांटी पार वाटीच्या काठापर्यंत चढली.

"दुकानात असतो तर शेठने पगार कापला असता," काका वाटी उजेडात धरून म्हणाले. पण ती त्यांनी लगेच खाली ठेवली नाही.

"सान्वी," नीलिमाने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आता या दोघींना पण कळलं."

"त्या नाही सांगायच्या कुणाला. रोज किती घरांतलं ऐकतात," काका म्हणाले. मग अंगठ्याने नावाखालची मोकळी जागा पुसली. "तारीख कुठली घालू?"

बारशाची, असं मिनलच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते तिथेच ठेवलं आणि नीलिमाकडे न बघता वाटी धरून बसून राहिली.

"आजची घाला, बाबा," नीलिमा म्हणाली.

"आजची." काकांनी मान डोलावली. "किती आहे आज? मला कुठे कळतंय हल्ली?"

मिनलने तारीख सांगितली. त्यांनी मशीन सुरू केली.